संस्थेतर्फे एक उभा इसम

पेटीत टाकलेलं पत्र परत मागायला येणाऱ्यांना पिंपळखुटे मास्तर अठरा वर्षं एकच उत्तर देत आले होते : "आता ते सरकारचं झालं." हे उत्तर देताना त्यांना थोडा आनंदही होत असे, खोटं कशाला बोला. पण एकसष्ट सालच्या माघात, स्वतःच्या बैठकीत, स्वतःच्याच तोंडातून एक वाक्य निघून गेलं आणि ते परत मागायला जावं असं एकही ऑफिस त्यांना सापडलं नाही.

झालं असं, की यवतमाळचे तात्यासाहेब चिंचाळकर वकील त्यांच्या विमलला बघायला आले होते. मुलगा नागपूरला नोकरीत, घर चांगलं, अपेक्षा काही नाही. विमल चोविसाची. आधी तीन जागा हातच्या गेलेल्या : एकाला पत्रिका जुळली नाही, एकाला ती मुलापेक्षा दोन बोटं उंच वाटली, आणि तिसऱ्याचं पत्रच आलं नाही, आणि ते पोस्टात गहाळ झालं असं तर मास्तर म्हणू शकत नव्हते. तेव्हा ही चौथी जागा. वकीलसाहेबांनी पोहे खाल्ले, सुपारी तोंडात टाकली आणि विचारलं, "मुलगी गाते का?"

"नाही," विमलनंच सांगून टाकलं. "मला गाता येत नाही."

विमलच्या आईनं, कौसल्याबाईंनी, दाराआडून कपाळावर हात मारला. वकीलसाहेब संगीताचे मोठे जाणकार. ते सभ्यपणानं म्हणाले, "असो. हल्ली खरं गाणं राहिलंय तरी कुठं? त्यातून करुण गाणं तर ऐकायलाच मिळत नाही. काळीज हललं पाहिजे, मास्तर, काळीज!"

मास्तर घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस पुढचं बोलतो. ते म्हणाले, "आमच्या कोसारखेडात ढिगानं आहे, साहेब! वाचनालयातर्फे आम्ही दरसाल करुणगीत स्पर्धा घेतो ना!"

विद्याविनोद वाचनालयाचे मास्तर चिटणीस होते हे खरं. वाचनालयात दोन कपाटं आणि एक सतरंजी होती हेही खरं. 'दरसाल' मात्र आभाळातून पडलं.

"असं?" वकीलसाहेब खूश झाले. "मग यंदा परीक्षक म्हणून मला बोलवा. मुलीचं काय ते मी तेव्हाच येऊन सांगतो."

म्हणजे बघा. कालपर्यंत ज्या माणसाला फक्त मुलीचं लग्न जमवायचं होतं, त्याला आता त्यासाठी तालुक्यातलं दुःख गोळा करून आणायचं होतं.

शेजारच्या पंजाबरावांना हे संध्याकाळपर्यंत कळलं. पंजाबराव पटवारी होते, आता रिटायर झालेले. पण जमीन मोजायची सवय सुटली नव्हती, कुणी नुसतं बाजेवर पडलेलं दिसलं तरी ते नजरेनं लांबी घेत. ते अडकित्ता घेऊन ओट्यावर येऊन बसले.

"मास्तर, पह्यले नियम करा. नियम नसले का लोकं भांडतेत."

"असले तर भांडत नाहीत का?"

"भांडतेत ना. पण मंग नियमावरून भांडतेत. आपल्या आंगावर येत नाही."

हे मास्तरांना पटलं, कारण त्यांचा स्वतःचा पिंड नियमाचा. त्यांनी पेन्सिल घेतली, मधे कार्बन घातला आणि चार संध्याकाळी बसून दोघांनी बावीस नियम केले. स्पर्धकानं एकट्यानं गावं. पाच मिनिटांत आटपावं, घंटा वाजली की थांबावं. अर्जात नाव, वय आणि गीताचा कर्ता लिहावा. स्पर्धकानं गाताना रडू नये. अश्रू आल्यास पाच गुण वजा, कारण गळा भरला की शब्द कळत नाहीत. आवाजाला वीस गुण, तालाला वीस, शब्दांना वीस आणि करुणरसाला चाळीस.

"आता हे करुणरस मोजाचं कसं?" पंजाबरावांनी विचारलं आणि मास्तरांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही दिलं. "आणेवारी काढू. पिकाची काढतो तशी. शंभर माणसं धराचे, त्याच्यातले रडले किती ते मोजाचं. सोळा आण्यात किती पडते ते लिहून देतो मी वकीलसाहेबाले."

"पण नातेवाईक मुद्दाम रडले तर?"

"सख्खे नातेवाईक मोजणीतून वगळावे. लिहा, नियम चवदा."

नियम नववा मात्र मास्तरांचा स्वतःचा, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. परीक्षक पडद्याआड बसतील. गाणारा कोण, कुठला, बाई की पुरुष, त्यांना काही दिसणार नाही. फक्त क्रमांक पुकारला जाईल आणि आवाज ऐकू येईल. म्हणजे उद्या वकीलसाहेबांवर पक्षपाताचा ठपका नको, आणि होणाऱ्या व्याह्यानं निकाल फिरवला असं कुणी म्हणायला नको. "अजून झाले नाहीत व्याही," कौसल्याबाई आतून म्हणाल्या. पडद्याला त्यांनी सोलापुरी चादर दिली, पण तोंड वाकडं करून.

आता दुःखी गाणारे पाहिजेत. गावात विचारावं तर जो तो म्हणे, "दुःख भरपूर हाय मास्तर, पण चालीवर नाही." शेवटी वाचनालयाचा चपराशी डोमाजी म्हणाला, "साहेब, देवीलाल नाईकाच्या तांड्यावर जा ना जी. ते हंसाबाई ढावलो म्हणते तवा बैलबी चारा सोडते."

बंजाऱ्यांचा तांडा कोसभर. मास्तर सायकल काढून गेले. तिथं त्यांना सगळे ओळखत, कारण तांड्यावरची अर्धी पत्रं तेच वाचून दाखवत आणि उत्तरंही तेच लिहीत. हंसाबाईचा मुलगा रामलाल पलटणीत होता. त्याला आई काय लिहिते आणि तो आईला काय लिहितो, हे तिन्ही लोकांत फक्त मास्तरांना माहीत होतं. साहजिकच म्हातारीनं बाज टाकली, पाणी दिलं, आणि नाईकही येऊन बसले.

मास्तरांनी बावीसच्या बावीस नियम वाचले. हंसाबाईनं सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारलं, "कोण चालली?"

"कुठं?"

"सासरी. कोणाची पोरगी चालली?"

"कुणाचीच नाही, बाई. स्पर्धा आहे."

मग देवीलाल नाईकांनी समजावून सांगितलं. लग्न होऊन निघालेली पोर आईच्या, बापाच्या, भावाच्या, एकेकाच्या गळ्यात पडते आणि रडत रडत जे म्हणते ते ढावलो. म्हाताऱ्या बाया बाजूला उभ्या राहून तिला कानात सुचवतात. "ते हवेत नाही म्हणत, मास्तर. धराले माणूस लागते. आन् चाललेलं माणूस लागते."

मास्तरांनी पेन्सिल काढली. "गीताचा कर्ता कोण लिहू?"

"जे पोरगी चालली ते," हंसाबाई म्हणाली. "चाल आमची, शब्द तिचे. तिले जे सोडून जाव लागते त्याचंच म्हणते ते. मी कायले करू?"

"अन् न रडता म्हणता येईल का?"

यावर लालीबाई आणि बसंतीबाई, तिच्या दोन्ही सुना, तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की मास्तरांना सायकलला हवा आहे का ते उगीच बघावं लागलं. पण हंसाबाईनं नाही म्हटलं नाही. रामलालची पत्रं मास्तरच वाचून देतात, हे तिच्या मनात होतं. "येतो आम्ही," ती म्हणाली. "तुम्ही माणसाची सोय करा."

मास्तरांनी याचा अर्थ असा घेतला, की गाताना धरायला कुणीतरी उभं पाहिजे, म्हणजे भाषण करताना टेबल असतो तसं. घरी येऊन त्यांनी सतराव्या नियमाखाली दुरुस्ती लिहिली : 'आवश्यकता भासल्यास संस्थेतर्फे एक उभा इसम पुरवला जाईल.' उभा इसम म्हणून डोमाजीची नेमणूक झाली. हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि त्या दिवशी तंबाखू खायची नाही, एवढं त्याला बजावलं. डोमाजीनं दोन दिवस पोस्टाच्या भिंतीपाशी उभं राहून सराव केला. येणारे-जाणारे विचारत, "काय बे डोमाजी, शिक्षा झाली काय?"

राहिला लाउडस्पीकर. त्याचा परवाना काढायला मास्तर कचेरीत गेले. तिथल्या बाबूकडे छापील अर्ज होता, त्यात चारच कारणं : लग्न, धार्मिक, राजकीय, शोकसभा.

"गाण्याची स्पर्धा," मास्तर म्हणाले.

"ते यात नाही. कसली गाणी?"

"करुण."

"म्हणजे रडणार लोक?"

"रडावेत अशी अपेक्षा आहे."

"मग शोकसभा," बाबूनं खूण केली, शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. मास्तरांनी हरकत घेतली असती. पण शिक्का मारलेल्या कागदाशी वाद घालू नये हे त्यांनी स्वतःच आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं. ते परवाना घेऊन घरी आले, आणि गावच्या कोतवालानं दवंडी देताना, आपल्या मनचं काही नको म्हणून, परवान्यात होतं तेच पुकारलं : चैत्रातल्या पहिल्या रविवारी चार वाजता शाळेच्या आवारात शोकसभा हो!

आता गावात चर्चा एकच. मेलं कोण? गावातलं तर कुणी नाही. मग कुणीतरी म्हणालं, यवतमाळचे मोठे वकील येऊन राह्यले, म्हणजे त्याइचंच कोणी असन. एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. रविवारी साडेतीनच्या एस.टी.नं तात्यासाहेब चिंचाळकर, इस्त्रीचा कोट, हातात काठी, असे प्रसन्न मुद्रेनं उतरले, तर स्टँडवर पन्नास माणसं खाली मान घालून उभी. एकेक पुढे येई, हात हातात घेई आणि म्हणे, "लई वाईट झालं जी."

"काय झालं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"पाहा बाप्पा," मागचा शेजारच्याला म्हणाला, "किती सोसून राह्यले."

चौथ्या माणसापर्यंत वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. सातव्यापर्यंत त्यांना दरदरून घाम फुटला. गर्दीतून वाट काढत मास्तर पोचले तेव्हा वकीलसाहेबांनी त्यांचा दंडच धरला. "मास्तर, खरं सांगा. माझ्या नावची तार आली आहे का? लपवू नका. पोस्टमास्तर आहात तुम्ही."

"तार? नाही हो साहेब! सगळं क्षेम आहे!"

"मग हे लोक?"

"रसिक आहेत," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार? वकीलसाहेबांना पडद्याआड बसवलं, शेजारी दुसरे परीक्षक म्हणून आर्णीचे पेटीवाले नागोराव बसवले, दोघांना पाणी दिलं. तरी साहेबांनी विमलला हळूच विचारलंच, "बाळ, तू तरी सांग, तार नाही ना आली?"

आवारात सातशे माणूस. इतकी माणसं वाचनालयाच्या कुठल्याही कार्यक्रमाला आली नव्हती. एरवी वक्ता, चिटणीस आणि सतरंजी यांच्यातच कार्यक्रम व्हायचा. मास्तरांना क्षणभर भरून आलं. त्यांनी मायक्रोफोनसमोर घड्याळ ठेवलं, घंटा हातात घेतली आणि क्रमांक एक पुकारला.

क्रमांक एक शाळेचे ड्रॉईंग मास्तर. त्यांनी नाटकी पद सुरू केलं आणि 'हाय' या एका शब्दावर इतका वेळ राहिले की पाच मिनिटांत दुसऱ्या शब्दाला वेळच उरला नाही. पंजाबरावांनी आणेवारी लिहिली : शून्य. क्रमांक दोन कांताबाई. त्यांनी वारलेल्या म्हशीवरच्या ओव्या म्हटल्या, त्या चांगल्या झाल्या, चार आणे पडले, पण मधेच मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे म्हैस मेली व्हय? वकिलाची?" आणि सगळ्या सभेला एकदम उलगडा झाला. क्रमांक तीननं, सुतकातली सभा आहे असं कळल्यावर, अंगावर गंगाजळ घेऊन माघार घेतली. क्रमांक चार भजनी मंडळ. एकट्यानं गावं या नियमामुळे त्यांचा बुवा एकटा पुढे झाला आणि बाकीचे अकरा जण नुसते ओठ हलवत राहिले. हा नियमभंग आहे की नाही यावर पंजाबराव आणि बुवा यांचं जुंपलं, आणि पंजाबराव म्हणाले होते तसंच झालं : भांडण नियमावरून झालं. पाच आणि सहा त्या भांडणातच गाऊन गेले. ते काय गायले कुणाला आठवत नाही.

पडद्याआडून एकदा नागोरावांचं घोरणं ऐकू आलं, एकदा वकीलसाहेबांचा सुस्कारा. तो सुस्कारा मास्तरांनी ओळखला. मुलीचा नकार देताना माणूस आधी असाच सुस्कारा सोडतो. दोनदा ऐकला होता त्यांनी. ते घाईनं म्हणाले, "क्रमांक सात!"

हंसाबाई पुढे आली, मागून दोघी सुना. डोमाजी ठरल्याप्रमाणे मधोमध येऊन उभा राहिला, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, श्वास रोखून. हंसाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हा कोण?"

"संस्थेतर्फे उभा इसम," मास्तर म्हणाले. "नियम सतरा."

"हा कुठं चालला?"

मास्तरांनी डोमाजीकडे बघितलं. डोमाजीला बोलायची बंदी होती, पण म्हातारीसमोर त्याचा धीर सुटला. "कुठीच नाही, माय. मले साहेबानं उभं राहाले सांगतलं."

"मंग मी रडू कायले याच्यासाठी?"

सगळं आवार हसलं. शोकसभेत हसणं बरं दिसत नाही म्हणून लगेच गप्पही झालं. पडद्याआडून वकीलसाहेब म्हणाले, "क्रमांक सात, सुरू करा!" बावीस नियमांत चाललेलं माणूस कुठून आणायचं याचा नियम नव्हता. मास्तरांनी कागद उलटा करून मागची बाजूसुद्धा बघितली, ती कोरी होती.

तेवढ्यात परीक्षकांचे पाण्याचे गडू घेऊन विमल पडद्याआडून बाहेर आली. हंसाबाईची नजर तिच्यावर गेली. "हे पोरगी कोणाची?"

"माझीच," पुढच्या रांगेतून कौसल्याबाई म्हणाल्या.

"लगन?"

कौसल्याबाईंनी सोलापुरी चादरीकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली घेतला. "जमलं तर वैशाखात."

"अन् नाही जमलं तरी कधी तं जाईनच ना?"

"जाईलच की हो."

"मंग झालं," हंसाबाई म्हणाली आणि तिनं विमलच्या हातातले गडू काढून डोमाजीच्या हातात दिले.

"मला गाता येत नाही," विमल पुटपुटली.

"गाणं कोण सांगते तुले? तुले काय सोडून जाव लागते ते सांग. चाल मी धरतो."

म्हातारीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि एक सूर लावला. तो मोठा नव्हता की गोड नव्हता. पण आवारातल्या बाया एकदम सरसावून बसल्या, कारण त्या सगळ्याच कधी ना कधी कुठून तरी निघून आलेल्या होत्या. लालीबाई आणि बसंतीबाईंनी तो सूर उचलला. विमल आधी नुसती उभी राहिली, अवघडून. मग आईपाशी गेली, तिच्या गळ्यात हात टाकले आणि हंसाबाईच्या सुरावर आपलं काहीतरी म्हणू लागली. तिच्यासाठी झाकून ठेवलेल्या पोळीबद्दल होतं, आणि दुपारी आई एकटी जेवायला बसेल त्याबद्दल होतं. कौसल्याबाई, ज्या सकाळपासून चादरीवर डाग पडेल म्हणून कुरकुरत होत्या, त्यांनी हंबरडा फोडला.

सातशे माणसं रडायच्याच तयारीनं घरून आली होती. दोन तास त्यांना कुणी संधी दिली नव्हती. ती आता एकदम सुटली. पंजाबराव बोटांवर मोजू लागले : दहा, वीस, चाळीस, एकेचाळीसला त्यांच्या चष्म्याची काच धुरकट झाली, आणि स्वतःला मोजणीत धरायचं की वगळायचं, ते सख्खे शेजारी असल्यामुळे त्यांना ठरवता येईना. त्यांनी कागदावर 'सोळा आणे' लिहिलं आणि खाली सही ठोकून मोकळे झाले.

विमल डोमाजीच्या गळ्यात पडली. लहानपणी तो तिला पुरातून खांद्यावर बसवून शाळेत न्यायचा, ते तिनं म्हटलं. डोमाजी तरीही हलला नाही, कारण साहेबांचा हुकूम होता. नुसतं दोन्ही गडवांतलं पाणी हिंदकळत राहिलं.

मग ती बापाकडे वळली.

मास्तर मायक्रोफोनपाशी घंटा घेऊन उभे. चार मिनिटं चाळीस सेकंद झाली होती. "क्रमांक सात," ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "वेळ होत आली." एवढंच ते नियमानं बोलले. तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. उंच पोर, तिला वाकावं लागलं.

"बाबा," ती म्हणाली, आणि मागून तिघी बायांनी तो शब्द धरून लांबवला, "चष्मा कपाळावर चढवून तुम्ही घरभर शोधाल, बाबा, आणि कपाळावर आहे हे तुम्हाला कोण सांगेल..."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. चष्मा तिथंच होता.

दोन महिने त्यांच्या डोक्यात एकच होतं : हिला पाठवायची, हिला पाठवायची. ती जाणार, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ते आता, सातशे माणसांसमोर, त्यांना एकदम कळलं. घंटा हातातून गळून पडली. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो त्यांनी आधी खोकल्यात घालायचा प्रयत्न केला, मग नाक शिंकरण्यात. पण तो कशातच बसेना, आणि शेवटी त्यांनी तो सोडून दिला. पुढ्यात मायक्रोफोन होता. कडुनिंबावर बांधलेल्या कर्ण्यातून तो आवाज एस.टी. स्टँडपर्यंत गेला, आणि निघालेली मुकुटबनची गाडी ड्रायव्हरनं थांबवली, कारण त्याला वाटलं कुणी गाडीखाली आलं. हंसाबाईनं मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या आवाजाखाली आपला सूर धरला, पडणाऱ्या भिंतीला टेकू द्यावा तसा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. घंटा वाजवणारं कुणी नव्हतंच.

मग नाकं शिंकरली गेली. पडद्याआड कागदांची खसफस झाली आणि नागोरावांनी चादरीच्या कडेतून निकालाचा कागद बाहेर सरकवला. पंजाबरावांनी तो मायक्रोफोनवर वाचला. "दुसरा क्रमांक, क्रमांक सात. शेरा : चाल उत्तम, शब्द परक्या भाषेतले वाटले नाहीत." टाळ्या. "पह्यला क्रमांक..." चष्मा पुसून त्यांनी पुन्हा बघितलं. "पह्यला क्रमांक, क्रमांक आठ. आवाज, शून्य. ताल, शून्य. शब्द, एकही नाही. करुणरस, चाळीसपैकी शंभर."

"आठ नाहीतच!" मास्तर ओरडले. त्यांचे डोळे अजून लाल होते. "अर्ज सातच आहेत! नियम तिसऱ्याप्रमाणे..."

"आठ आहेत!" पडद्याआडून वकीलसाहेब गरजले. "मी ऐकले आहेत! तीस वर्षं गाणं ऐकतोय, असा आवाज ऐकला नाही. कोण आहे तो कलावंत? मला त्याला बघायचंय." आणि नियम नववा मोडून, चादर बाजूला सारून, ते बाहेरच आले. त्यांचा कोट पुढून भिजला होता.

शेवटी डोमाजीनं गडू खाली ठेवले आणि बोट दाखवलं.

"हे?" वकीलसाहेब म्हणाले. "मास्तर, तुम्ही?"

मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चिटणीसानं स्वतःच्याच स्पर्धेत पहिला नंबर काढला, तोही अर्ज न भरता, वेळ मोडून, आणि रडून. उद्या गावात तोंड दाखवायची सोय नाही. त्यांनी हंसाबाईकडे हात जोडले. "हा अन्याय आहे, बाई. तुमचा नंबर आहे पहिला."

"बराबर हाय त्याइचं," हंसाबाई पदर सारखा करत म्हणाली. "आम्ही तं म्हणत होतो. तुम्ही बाप होते."

वकीलसाहेब हळूहळू चालत आले. विमलकडे बघितलं. तिच्या रडून सुजलेल्या तोंडाकडे, वाकलेल्या मानेकडे, बापाच्या सदऱ्याचं बटण अजून धरून ठेवलेल्या बोटांकडे. मग त्यांनी घसा साफ केला.

"मी इथं येऊन सांगतो म्हटलं होतं, मास्तर. खरं म्हणजे नाही म्हणायलाच आलो होतो. गाता येत नाही म्हणून." त्यांनी काठी बगलेत धरली. "मुलगी आम्हाला पसंत आहे. वैशाखातच उरकून टाकू. पहिल्याच पंधरवड्यात चांगला मुहूर्त आहे."

आवारात पहिल्यांदा आनंदाचा कलकलाट झाला. पंजाबरावांनी टोपी उडवली. कौसल्याबाईंनी हात जोडून आभाळाकडे बघितलं आणि मग नवऱ्याला कोपरानं ढोसलं, हो म्हणा, हो म्हणा. दोन महिने या एका शब्दासाठी त्या माणसानं जिवाचं रान केलं होतं, बावीस नियम लिहिले होते, जिवंत माणसांची शोकसभा भरवली होती. सातशे माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

पिंपळखुटे मास्तरांनी विमलचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"एवढी घाई कायले करता, वकीलसाहेब?" ते म्हणाले.